आनंदीबाईंच्या माहेरची भाषा

राज्ये बुडतात, देवांची नावे बदलतात, समुद्रसुद्धा आपली जागा सोडतो; परंतु ज्या भाषेत एकदा मनुष्याने आपले दुःख सांगितले, ती भाषा कधी मरत नाही. जनार्दन लोटलीकर मास्तरांनी हे वाक्य लिहिले, मान मागे घेऊन वाचले, आणि पुढचे लिहिण्यासाठी टाक दौतीत बुडवला तेव्हा टाकाबरोबर एक मुंगळा वर आला. तो जिवंत होता. ‘मरत नाही’ या शब्दांवरून निळी रेघ ओढत तो कागदाच्या कडेला गेला आणि मेजाच्या पायावरून उतरून आपल्या कामाला लागला. मास्तर त्याच्याकडे पाहत राहिले. सकाळपासून या खोलीत हललेली ती पहिलीच वस्तू होती.

वाक्य ‘औदक राष्ट्राचा बृहद्वृत्तान्त’ या ग्रंथाच्या चौथ्या खंडातले. औदक म्हणजे पाण्यातले लोक. रत्नागिरीच्या पश्चिमेला, जिथे आगबोटीचा धूर दिसेनासा होतो त्याच्याही पलीकडे, समुद्राच्या तळाशी त्यांचे राज्य. त्यांना म्हातारपण नाही, त्यांच्या राजांच्या वंशावळी आहेत, भरती-ओहोटीवर चालणारे पंचांग आहे, आणि मुख्य म्हणजे त्यांची भाषा आहे, औदकी. व्याकरण, धातुपाठ, कोश, सर्व. हे सारे मास्तरांनी हायस्कुलात संस्कृत शिकवता शिकवता, पोरांच्या वह्या तपासून झाल्यावर, एकट्याने निर्माण केले होते. पहिले तीन खंड मुंबईला छापून आगबोटीने खोक्यांतून आले आणि बहुतेक अजून त्या खोक्यांतच होते. इतिहास वाचणाऱ्यांनी ही कादंबरी आहे म्हणून ग्रंथ खाली ठेवला, आणि कादंबरी वाचणाऱ्यांनी हा इतिहास आहे म्हणून. पुण्याच्या एका मासिकाने लिहिले की लेखकाची विद्वत्ता अफाट आहे, मात्र यातले काहीच खरे नाही हे आरंभी सांगितले असते तर वाचकाचा वेळ वाचता. गावच्या वाचनालयाने ग्रंथ भूगोलाच्या कपाटात लावला. मास्तर तिथे जात तेव्हा त्या कपाटाकडे पाठ करून बसत. चौथ्या खंडात ते औदकांचा अंत लिहीत होते. गेल्या वर्षी पत्नी आनंदीबाई गेल्या, तेव्हापासून राजामागून राजा त्यांनी निकालात काढला होता आणि आता एकच औदक उरला होता. तो शेवटचे वाक्य बोलणार होता आणि उत्तर द्यायला कोणी नसणार होते. हा शेवटचा औदक कोण, हे मास्तरांना ठाऊक होते. तळटिपेत लिहिलेले नव्हते इतकेच.

आणि नेमके तेव्हा मागीलदारी कोणीतरी औदकीत ओरडले.

“सिरनोवै, तमोरे.”

मास्तरांच्या हातातला टाक तसाच राहिला. हे वाक्य दुसऱ्या खंडात आहे. शुद्ध रूप ‘सिरन् ओवाये, तमोरे’. राजा महाजलराक्षसाला म्हणतो : अंधारातून आलेल्या, अंधारात परत जा. ते ऐकून राक्षस कित्येक योजने मागे हटला, अशी कथा आहे. मास्तर मागीलदारी पोचले तेव्हा ते ऐकून शेजारच्या गोदूबाईंचे मांजर तोंडातला बांगडा टाकून कुंपणावर चढले होते, आणि मांडवीवरची सगुणा मासळीची पाटी पायरीवर ठेवून बांगड्याची माती झटकत होती. आनंदीबाई असताना सगुणा रोज या दारी यायची. आता या घरी मासळी शिजवणारे कोणी नव्हते. मास्तरांचे ताट गोदूबाईंकडून येई. पण गोदूबाईंकडे जायची वाट याच परसातून होती, आणि सगुणा अजून याच पायरीवर घटकाभर टेकत असे. मास्तरांना हे माहीत नव्हते. मागीलदाराशी त्यांचा संबंध कधी आलाच नव्हता.

“आता काय म्हणालीस?”

“मी? काय नाय. मांजर हाकलवलंय.”

“पण कोणत्या भाषेत?”

सगुणेने त्यांच्याकडे वर पाहिले. काळी, उंच, पिकल्या केसांची बाई, कपाळ मोकळे. “तुमाला नाय कळायची ती, मास्तर. वैनींच्या म्हायारची बोली. राजापूरची.”

“राजापूरला असं कुणी बोलत नाही.”

“तुमी राजापुरात किती दिवस र्‍हायलाव?”

मास्तर स्वतःच्या लग्नाला गेले होते. नंतर एकदा सासऱ्यांच्या तेराव्याला.

“मग?” सगुणा म्हणाली. “आमचं मांडवीचं बोलणं पालीच्या बाजारात कोनाला धड समजत नाय. राजापूर तर केवढं लांब.”

“आणि ते ओवै नाही. ओवाये.” हे त्यांच्या तोंडून आपोआप गेले. शिक्षकी.

“नाय वो. वैनी ओवैच म्हणायच्या. तुमचं चुकतंय.” तिने ते दयेने सांगितले.

मास्तर चौकट धरून उभे राहिले. उन्हाळ्यात कातळावर अनवाणी पाय पडावा तसे काहीतरी झाले होते. चटका आधी, कळ मागून. सगळा जन्म त्यांनी पोरांना सांगितले होते की शब्द झिजतो तो तोंडात. कागदावरचा शब्द झिजत नाही, तो नुसता पिवळा पडतो. ‘ओवाये’चे ‘ओवै’ व्हायला, दोन शब्दांचा एक व्हायला, माणसांनी तो रागात, घाईत, तोंडात विड्याचे पान असताना, शेकडो वेळा बोलावा लागतो. म्हणजे हे रोजचे होते. वर्षानुवर्षांचे. ते स्वतः संध्याकाळी भगवतीच्या किल्ल्यावर जात, कोणी नाही असे पाहून समुद्राला तोंड करून औदकीत चार वाक्ये म्हणत, आणि वारा ती त्यांच्याच तोंडात परत कोंबी. आपण या जगात ही भाषा बोलणारे एकटे, या विचाराने त्यांना तिथे फार मोठे आणि फार थंड वाटे. आणि त्याच वेळी इथे, त्यांच्या मेजापासून दोन भिंती पलीकडे, खवल्यांनी भरलेल्या हातांनी, अमरांची ती भाषा कोलंबीच्या वाट्यावरून भांडत बसली होती.

आनंदीबाईंना ती त्यांनीच शिकवली होती. लग्नाला थोडीच वर्षे झाली असतील. बायकी कंठातून औदकीचे घर्षक वर्ण कसे निघतात हे पाहायचे होते आणि दुसऱ्या कोणाची बायको मागणार. पडवीत येरझारा घालत ते एकेक वाक्य म्हणत आणि ती तांदूळ निवडता निवडता ते परत म्हणे. ती चटकन शिकली. एकदा तर तिने स्वतः वाक्य रचले; पाणी तापले आहे, आंघोळीला चला, अशा अर्थाचे काही; आणि भुवया उडवून त्यांच्याकडे पाहिले. मास्तरांना ते वाक्य आजही आठवत होते, कारण त्यात विभक्ती चुकली होती. त्यांनी ती दुरुस्त केली. पुढच्या वेळी क्रियापद दुरुस्त केले. त्यानंतर कधीतरी पाणी मराठीत तापू लागले. ती विसरली असावी, असे त्यांनी धरून चालले. तेव्हा पहिल्या खंडाची तपासायची मुद्रिते मुंबईहून येत होती आणि माणसाला सगळीकडे लक्ष देता येत नाही.

“तुला तिनं का शिकवली?”

सगुणेने कुंपणाकडे हनुवटी केली. “ह्यांच्या कानासाठी. वैनींनी कुठली मासळी कशी घेतली ते आळीभर व्हायचं. मग वैनी म्हणाल्या, सगुणे, तुला माझी म्हायारची शिकवते, मग बसू दे कान लावून. सुरवातीला नुसतं माशांचंच बोलायचाव. मग एकेक वाढत गेलं. सुनेचं. गुडघ्याचं.” ती थांबली. “माझा घरवाला आगबोटीवर गेला नि आला नाय. मराठीत रडलं आसतं तर मांडवीभर ऐकू गेलं आसतं. हितं बसून त्या बोलीत रडलंय मी. वैनी पन त्याच बोलीत बोलल्या माझ्याशी. त्या बोलीत चांगलं रडता येतं.”

लुप्तार्थ लकार, मास्तरांच्या मनात आले. गेलेल्या गोष्टींविषयी बोलण्यासाठी त्यांनी क्रियापदाचे एक स्वतंत्र रूप केले होते आणि ते वापरावे असे वाक्य तिन्ही खंडांत त्यांना फारसे सापडले नव्हते.

“आता कोनाशी बोलायचं? मांजराशी बोलतंय.”

थंडीतले कोवळे ऊन परसात उतरले होते. मास्तरांनी मग जे विचारले ते विचारायचे त्यांनी ठरवले नव्हते. “माझ्याबद्दल बोलायची?”

“तुमच्याबद्दल तर रोजच.”

“मग मला काय म्हणायची?”

सगुणेने पदराचे टोक दातांत धरले. हसली की लाजली ते कळेना. “त्ये नाय सांगायचं. नवऱ्याचं नाव त्ये. तिनं एकलीनं घ्यायचं. मी तुमच्या तोंडावर कसं घेऊ?” आणि पाटी उचलून ती कुंपणाच्या फटीतून गोदूबाईंकडे गेली.

त्यानंतर उत्तरेचा वारा सुटला, होड्या बाहेर गेल्या नाहीत, आणि सगुणा आली नाही. मास्तर मेजापाशी बसत आणि शेवटचा औदक कागदावर तोंड उघडून ताटकळत राही. त्याला मरण्याची घाई नव्हती, मास्तरांनाही आता ती वाटेना. ते हिशेब करीत होते, पण अंकांचा नव्हे. जन्मात आपल्याला कोणी काय म्हटले. आई जना म्हणे. ते नाव आईबरोबर सोनगिरीच्या वाटेवरच्या मसणवटीत गेले. पोरे आणि गाव मास्तर म्हणत. ते नाव नव्हे, हुद्दा. मुंबईचा मुलगा दादू येई तेव्हा बाबा म्हणे आणि मग घड्याळाकडे पाही. आणि आनंदीबाई? त्या ‘हे’ म्हणत. ह्यांना चहा हवाय. ह्यांचं डोकं दुखतंय. समोर असले तर तेही नाही. बांगड्या वाजवणे, खोकणे, पळीने भांड्यावर टोला देणे. एका टोल्याचा अर्थ जेवायला चला, दोन टोल्यांचा अर्थ निवते आहे. साऱ्या संसारात त्यांनी नवऱ्याचे नाव एकदाच घेतले, लग्नात, करवल्यांनी दार अडवल्यावर, उखाण्यात. आणि मास्तरांना त्यातले फक्त एवढेच आठवत होते की दुसऱ्या चरणात एक मात्रा जास्त झाली होती. त्यांनी डोळे मिटून तो आवाज आठवून पाहिला. मात्रा तेवढी आली, आवाज आला नाही.

औदकीत ‘हे’ नव्हते. अमर लोकांत कोण कोणाचा मान ठेवणार, म्हणून त्यांनी आदरार्थी रूपे ठेवलीच नव्हती. तिथे राजाही तू आणि शिंपलाही तू. म्हणजे त्या भाषेत आपल्याविषयी बोलायचे तर आनंदीला आपले नाव घ्यावेच लागले असणार. रोज. पायरीवर बसून, दुसऱ्या बाईजवळ, मोकळ्या तोंडाने. ते नाव आता जगात एकाच माणसाच्या ओठांत होते, आणि ते माणूस भरतीच्या लाटेत, होड्यांच्या धक्क्यात, तापात, कशातही जाऊ शकत होते. औदकांचे अख्खे राष्ट्र बुडवताना मास्तरांना एवढे भय वाटले नव्हते.

गोदूबाई ताट घेऊन आल्या. सुकलेल्या, तरतरीत, विधवा. दुसऱ्याच्या घरातले सगळे ठाऊक असावे एवढीच हौस उरलेली. “सगुणेशी काय एवढं बोलणं चाललं होतं हो मास्तर? मासळी घ्याल, पण शिजवणार कोण? मलाच सांगाल.”

“काही नाही. भाषेचं होतं.”

“ती त्यांची बडबड?” गोदूबाईंनी ताट ठेवले. “एवढी वर्षं कान देऊन बसले, मेलं एक अक्षर लागलं नाही. सकाळी दोघी हसायच्या बघा, पदर तोंडात कोंबून. शेवटी मी आनंदीला म्हटलं, तुमच्या राजापूरच्या माणसांपुढे हात टेकले बाई.” मग जरा थांबून, भाताकडे बघत, “आता हसत नाही कुणी तिथं,” म्हणाल्या, आणि निघून गेल्या.

मास्तरांनी खोके उघडले. वाळवी एका कोपऱ्यातून पहिल्या खंडाच्या उपसंहारापर्यंत पोचली होती. मासिकाच्या टीकाकारापेक्षा तिने जास्त वाचले होते. त्यांनी दुसरा खंड झटकून घेतला, ‘सिरन् ओवाये’ असलेल्या पानात खूण घातली, आणि मनात भाषण तयार केले. सगुणे, ही राजापूरची बोली नव्हे. ही मी केली. हा बघ ठसा, हे बघ माझे नाव. एवढ्या वर्षांत हा ग्रंथ कळणारे पहिले माणूस सापडले होते, आणि त्याला वाचता येत नव्हते, ही गोष्ट वेगळी. पण तिने मान्य करायला हवे होते. एकाने तरी. आणि मग, भाषेचा कर्ता म्हणून, तिच्यातला कोणताही शब्द विचारण्याचा आपला अधिकार आहे, असा त्या भाषणाचा शेवट होता.

वारा पडला त्या सकाळी ते खंड हातात घेऊन पायरीवर जाऊन बसले. सगुणा आली, पाटी टेकली, त्यांच्याकडे आणि पुस्तकाकडे पाहिले.

“पोथी वाचतांव?”

“सगुणे, ही जी बोली...”

“व्हय.”

ती थांबून राहिली. मास्तरांना भाषणाचे पहिले वाक्य आठवत होते. पण मध्येच दुसरेच काही आठवले. सासरे वारले, मेहुण्यांनी राजापूरचे घर विकून कोल्हापूर गाठले, त्यानंतर आनंदीबाईंना माहेर उरले नव्हते. दिवाळीत आळीतल्या बायका माहेरी जात. कोणी विचारले तर आनंदीबाई म्हणत, आम्हाला नाही बाई जमत, ह्यांची मुद्रिते यायची असतात. मास्तरांना ते खरेच वाटे. मुद्रिते येत असतच. आणि रोज सकाळी ही बाई पाटी टेकली की आनंदी या पायरीवर बसून घटकाभर माहेरी जाऊन येत होती. नवऱ्याने बांधलेल्या, समुद्राच्या तळाशी असलेल्या त्या रिकाम्या राज्यात तिने एक मागीलदार पाडले होते, तिथे एक शेजारीण वसवली होती, आणि वर पाटी लावली होती : राजापूर. आता मी केली असे म्हटले, की ते माहेर पुन्हा सासर होणार होते.

त्यांनी खंड मिटला. खूण आतच राहिली.

“ही बोली काय?” सगुणेने विचारले.

“राजापूरचीच,” मास्तर म्हणाले. “त्या दिवशी मला आठवलं नाही. तिच्या वाडीत बोलत असत.”

“मी सांगतच होतंय.”

“म्हणजे माझ्या सासुरवाडीची झाली. मी जावई तिथला. आणि मला तिकडे काय म्हणत, ते मलाच ठाऊक नाही. बरं दिसतं का हे?”

सगुणेने विचार केला. हा मुद्दा तिला पटण्यासारखा होता. जावई हे निराळे प्रकरण असते. तिने कुंपणाकडे पाहिले. मग हळूच, चोरटा माल दाखवावा तशी, म्हणाली, “लोमी.”

मास्तरांचे ओठ हलले. लोमी. त्यांच्या कोशात हा शब्द नव्हता. ‘लू’ धातूपासून म्हणावे तर त्याचा अर्थ वाळू चाळणे, आणि मधला मकार कुठून आला? ‘ओम’ म्हणजे शिंपला, पण मग आरंभीचा लकार लागू होत नाही. संस्कृतात लोम म्हणजे केस. त्यांचा हात नकळत डोक्याकडे गेला. तिथे तोही आधार नव्हता.

“अर्थ काय याचा?”

“अर्थ कसला? नाव हाय. माझ्या घरवाल्याचं नाव लवू, त्याचा काय अर्थ?” हे बोलून ती दचकली, जीभ चावली, आणि मग हसली, तिनेही ते नाव बहुधा पहिल्यांदाच उघड्यावर घेतले होते.

“आणि कशी म्हणायची? रागानं?”

“रागानं पन. कशीपन. आंघोळीचं पानी निवलं की एक, नि तुमी पडवीत हिंडत आपल्याशीच बोलत आसलाव की एक.” सगुणेने गळा जरासा सैल केला, आवाज खाली नेला, शेवटचा स्वर किंचित लांबवला, आणि कोणालाही हाक न मारता, नुसती दाखवून आणावी तशी, ती हाक परसात सोडली. “लोमीऽ.”

आवाज आला. उखाण्यातल्या त्या जास्तीच्या मात्रेसकट आला. मास्तरांनी खंड मांडीवर घट्ट धरला आणि चिकूच्या झाडाकडे पाहत राहिले. ते झाड तिथे आहे हेही त्यांना आजच कळत होते. कुंपणापलीकडे गोदूबाईंचे भांडे वाजायचे थांबले होते. ऊन पायरीवरून पाटीवर चढले, बांगड्यांची निळी पाठ चकाकू लागली, आणि एक माशी येऊन ग्रंथाच्या सोनेरी नावावर बसली.

सगुणा पदर खोचून उठली. चुंबळ तिने डोक्यावर ठेवली, पाटीकडे पाहिले, इकडेतिकडे कोणी नाही असे पाहिले, आणि मास्तरांकडे वळून औदकीत एक सबंध वाक्य बोलली. त्या भाषेत त्यांच्याशी कोणी दुसरे माणूस आपणहून बोलले, त्याला पंचवीस-तीस वर्षे होऊन गेली होती. विभक्ती चुकली होती. अर्थ अगदी स्वच्छ होता : लोमी, पाटीला जरा हात लाव.